नवीन विंडोज टाकू का, हे मला विचारू नका

सध्या रोज चार-पाच माणसं एकच प्रश्न घेऊन दुकानात येतात. "काका, टेन बंद झालंय म्हणं. आता अकरा टाकावं का हाय तेच राहू द्यावं?" मी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता म्हणतो, "तुमचं तुम्ही ठरवा." माणूस जरा वेळ उभा राहतो. त्याला वाटतं, म्हातारा थट्टा करायलाय. मग चिडून म्हणतो, "ओ, आमाला कळलं असतं तर तुमच्याकडं कशाला झक मारायला आलो असतो?" त्याचं बरोबर आहे. गंगाखेडच्या बसस्टँडसमोर सत्तावीस वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्यानं असं बोलू नये. पण मी बोलतो. गिऱ्हाईक उठून पलीकडच्या गल्लीतल्या नव्या दुकानात जातं आणि घरी बायको म्हणते, "लोकांला हाकलायचंच हाय तर शटर उघडता कशाला?"

संपादकांनी पत्र पाठवून दिवाळी अंकासाठी "दुकानातल्या गमतीजमती" मागितल्या आहेत. गमती आहेत, नाहीत असं नाही. दोन सांगतो आणि मग जे सांगायचं आहे ते सांगतो.

आधी ज्यांचा या भानगडीशी संबंध नाही त्यांच्यासाठी. कॉम्प्युटर म्हणजे भांड्याकुंड्यांनी भरलेलं घर धरलं, तर ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे त्या घरातली कारभारीण. मीठ कुठल्या डब्यात, चिमटा कुठल्या खिळ्याला, हे तिलाच ठाऊक. विंडोज हे आपल्याकडच्या बहुतेक घरांतल्या कारभारणीचं नाव. दर काही वर्षांनी कंपनी म्हणते, ही म्हातारी झाली, आता नवी आणा. जुनी लगेच मरत नाही, काम करत राहते, पण तिला औषधपाणी बंद होतं. नवी आली की तुमचं जुनं सामान तिला ओळखू येत नाही. प्रिंटर समोर बसलेला असतो आणि ती विचारते, हा कोण पाहुणा? म्हणून बदलायची का नाही हा प्रश्न प्रत्येक गिऱ्हाइकाला पडतो, आणि आमच्याकडं रिवाज असा की तो प्रश्न गिऱ्हाईक सोडवत नाही, दुकानदार सोडवतो. "तुमी म्हणताल तसं" हे वाक्य मी हजारो वेळा ऐकलं असेल. ऐकायला गोड लागायचं.

खताच्या दुकानाचे एक शेठ होते. जुनी विंडोज काढून नवी टाकायला तयार झाले, पण म्हणाले, "अमावस्या जाऊ द्या." अमावस्या गेली. मग म्हणाले, "मंगळवारी नको." बुधवारी टाकली तर त्यांचा बिलाचा प्रिंटर मुका झाला. शेठ भर बाजारात मला म्हणाले, "चांगला दिवस बघून दिला तरी तुमच्या हाताला यश न्हाई!" दुसरे एक मुख्याध्यापक. त्यांना नवी हवी होती, पण दिसायला जुन्यासारखी. "न्हाईतर आमचे क्लार्क राजीनामा देतेत." मी अख्खा दिवस घालवून त्या नव्या विंडोजवर जुनं चित्र, जुनी बटणं, जुने रंग बसवून दिले. क्लार्क खूश झाले. त्यांना बदल झाला हे रिटायर होईपर्यंत कळलंच नाही.

तर हे असं होतं. मी तज्ज्ञ होतो, लोक अडाणी होते आणि माझं सगळं झकास चाललेलं होतं.

या धंद्यात आमचा एक नियम आहे. कॉम्प्युटरच्या आतली हार्ड डिस्क आम्ही दोन खोल्यांत वाटतो. एक सी, एक डी. विंडोज राहते सी मध्ये. तुमची कागदपत्रं, फोटो, जे काय जपायचं ते डी मध्ये. व्हायरस आला, विंडोज बिघडली, नवी टाकायची झाली, की सी पुसून काढायचा आणि डीला हात लावायचा नाही. आमच्याकडं लाईटचा भरवसा कधीच नव्हता. मधेच लाईट जायची, मशीनी बिघडायच्या, पुन्हा पुन्हा विंडोज टाकावी लागायची. त्यामुळं हा नियम गिऱ्हाइकांनाही पाठ झाला होता. खेड्यातला माणूससुद्धा मशीन टेबलावर ठेवताना म्हणायचा, "समदं डीत हाय, उडवा सी." मी उडवायचो. कधी कुणाचं काही गेलं नाही. एकदाच गेलं, ते मारोतराव कंडक्टरचं.

मारोतराव पिंगळीचे. परभणी-गंगाखेड गाडीवर ड्युटी. त्यांचे दोघे भाऊ आजही मेंढरं घेऊन आठ महिने बाहेर असतात, हे एकटे शिकले आणि एसटीत लागले. गाडी गंगाखेडला लागली की परतीच्या फेरीला वेळ असायचा, तेव्हा माझ्या दुकानात बाकावर येऊन बसायचे. उंच, सडपातळ, तिकिटाच्या पेटीचा पट्टा खांद्यावर घासून शर्ट तिथं नेहमी विरलेला. त्यांना एकच मुलगी, कावेरी. जन्मापासून आंधळी. आंधळी म्हटलेलं त्यांना आवडायचं नाही, "दिसत न्हाई तिला" म्हणायचे.

कावेरी सातवीपर्यंत शाळेत ऐकून ऐकून शिकली. आठवीला पुस्तकं जाड झाली. एक दिवस मारोतराव म्हणाले, "भाऊ, तुमच्या कॉम्प्युटरात मानसाचा आवाज ठिवता येतो का?" मी म्हटलं, येतो की. त्यांना एक जुना कॉम्प्युटर जोडून दिला, माईक दिला, रेकॉर्डिंग कसं करायचं ते दाखवलं. बोलणारं एक सॉफ्टवेअर असतं, पडद्यावर जे आहे ते वाचून दाखवतं, तेही टाकलं. कावेरीनं आठ दिवसांत कीबोर्ड असा पाठ केला की मी बघतच राहिलो.

आणि मारोतराव वाचायला लागले. आठवीचा इतिहास, आठवीचं विज्ञान, मग नववी, दहावी, बारावी, पुढं बी.ए.ची सगळी पुस्तकं. पहिली गाडी असायची तेव्हा पहाटे उठून, दुपारची ड्युटी असली की सकाळी. वर्षानुवर्षं. नुसतं वाचायचे नाहीत. पुस्तकात "आकृती पाहा" आलं की थांबायचे आणि सांगायचे, "आता इथं आकृती हाय बाई. एक नळी हाय, वाकडी, आपल्या मोरीच्या पायपावानी." भूगोलात गोदावरी आली तर म्हणायचे, "परभणीहून येताना गंगाखेडच्या आदी पूल लागतो, गाडीचा आवाज बदलतो बग, ती गोदावरी." शेळी ओरडायची, कुकरची शिट्टी व्हायची, त्यांची बायको गयावहिनी मागून म्हणायच्या, "च्या निवायलाय," ते सगळं त्यात यायचं. पिंगळीच्या स्टेशनात रेल्वेनं भोंगा दिला की मारोतराव वाचायचं थांबायचे, रेल्वे जाऊ द्यायचे आणि मग "हां, तर काय म्हणत होतो" म्हणून पुढं वाचायचे. मला हे ठाऊक आहे, कारण ते दर महिन्या-दोन महिन्याला काही ना काही अडलं म्हणून मला ऐकवायचे. अडलेलं काही नसायचं, त्यांना ऐकवायचंच असायचं.

एकदा कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून त्यांच्या मशीनला व्हायरस लागला. मी तो काढला आणि रागावलो. "मारोतराव, हे सगळं सी मध्ये काय ठेवलंय? डीत टाका." ते ड्युटीवर निघालेले, मी घाईत. तरी बसवून शिकवलं. फोल्डरवर माऊसचं उजवं बटण दाबून धरायचं, ओढत डीमध्ये न्यायचं, सोडलं की यादी येते, त्यातून निवडायचं. कोणतं निवडायचं ते मी सांगितलं होतं. निदान मला तसं वाटतं. आज शपथेवर सांगता येत नाही.

पंधरा दिवसांनी ते बाकावर बसून खुशीत म्हणाले, "भाऊ, टाकलं बगा डीत. आन लय भारी झालं. आता नवा धडा रेकॉर्ड केला की तो आपोआप डीत जायलाय!"

मी एका वकिलाचा लॅपटॉप खोलून बसलो होतो. मान न उचलता म्हटलं, "छान झालं."

ज्याला हा धंदा येतो त्यानं त्या क्षणी हातातलं काम टाकून उठायला पाहिजे होतं. डीत आपोआप काही जात नाही. नेल्याशिवाय काहीच कुठं जात नाही. हे मी शेकडो पोरांना शिकवलं आहे. मारोतराव मला स्वतःच्या तोंडानं चूक सांगून गेले आणि मी छान झालं म्हणालो.

पुढं काही वर्षांनी जुनी विंडोज सेव्हन बंद झाली. बंद म्हणजे औषधपाणी बंद. मारोतरावांनी विचारलं, "नवीन टाकावं का?" मी म्हटलं, "चालतंय तवर चालू द्या." कावेरीचं चांगलं चाललं होतं. उगाच नवी कारभारीण आणून त्या पोरीला कशाला हैराण करा? तो सल्ला बरोबर होता असं मी आजही म्हणतो. मग एका उन्हाळ्यात मारोतराव गेले. ड्युटीवरून आले, छातीत कळ आली म्हणाले, परभणीला नेईपर्यंत संपलं.

वर्षभरानं कावेरी आणि गयावहिनी दुकानात आल्या. कॉम्प्युटरचा डबा खताच्या पोत्यात गुंडाळून, एसटीनं. गाडीवरच्या कंडक्टरनं लगेजचे पैसे घेतले नाहीत, मारोतरावांची बायको म्हणून. कावेरी तेव्हा चोवीस-पंचवीसची. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होती. अडचण अशी की तिच्या बोलणाऱ्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती सेव्हनवर चालेना. परीक्षेच्या सरावाच्या साईट उघडेनात. फॉर्म भरायला दुसऱ्याच्या पाया पडावं लागायचं.

"काका, टाका नवीन," कावेरी म्हणाली. "समदी पोरं पुढं गेली. मी एकटीच रायलेय."

गयावहिनी डब्यावर हात ठेवून उभ्या होत्या. "भाऊजी, त्याला हात लावू नका. मानूस गेलं. तेवढंच रायलंय त्याच्यात."

"आई, ते डीत हाय. बाबानंच टाकलंय. डीला काई व्हत न्हाई."

"मला तुमचं डी-फी कळत न्हाई. हाय तसं राहू द्या म्हणते मी. तिचं काय ते दुसरं मशीन घेऊ मागंपुढं."

घरात तिघांचं दोघांवर आलेलं, दुसरं मशीन कुठून येणार होतं? आता ठरवायचं माझ्यावर आलं. मी वहिनींना स्टुलावर बसवलं आणि समजावलं. छान समजावलं. दोन बोटं पुढं धरून म्हटलं, ही एक खोली, ही दुसरी खोली, मी हिला रंग देतो, तिच्या कुलपालासुद्धा हात लावत नाही. वहिनी म्हणाल्या, "तुमच्यावर इस्वास हाय म्हणून." तरी त्यांनी हात काढला नाही. मग कावेरी म्हणाली, "काका, एक वाजवून दावा तिला. डीतलं."

मी मशीन जोडलं, डी उघडला. आत एकच फोल्डर. "कावेरीचे धडे." त्यात शिरलो, तर शेकडो फायली ओळीनं. मी मधलीच एक लावली. नागरिकशास्त्राचा कुठलातरी धडा होता. मारोतराव दुकानात बोलायला लागले. शेजारचा चप्पलवाला दारात येऊन उभा राहिला. वहिनींनी पदर तोंडाला लावला. कावेरी मात्र हसत होती, कारण बाबा "सार्वभौम" म्हणताना दरवेळी अडखळायचे आणि तिथंही अडखळले. मिनिटभर ऐकून मी ते बंद केलं. बाहेर दोन गिऱ्हाइकं उभी होती. "झालं समाधान?" मी विचारलं. वहिनींनी हात काढला.

एरवी आम्ही सी झटपट पुसतो. त्यात डब्यावरची नावं तेवढी खरडतात, आतलं सामान जागेवर असतं. कुणाचं काही चुकून गेलं तर थोडं तरी परत काढता येतं. दुसरी रीत पूर्ण पुसण्याची. तिला वेळ लागतो, पण डिस्कचा कोपरा न् कोपरा घासून निघतो, जुना व्हायरसही राहत नाही. गिऱ्हाइकाला घाई असते म्हणून आम्ही ती सहसा वापरत नाही. त्या दिवशी मी वापरली. मारोतरावांच्या पोरीचं काम आहे, चांगलं करून द्यावं म्हणून. जेवायला घरी न जाता मशीनसमोर बसलो. मधे लाईट गेली, तर परत पहिल्यापासून पूर्ण पुसलं. इतकं मन लावून मी खूप दिवसांत काम केलं नव्हतं. संध्याकाळी नवी विंडोज घालून, तिचं बोलणारं सॉफ्टवेअर बसवून, सरावाची साईट उघडून दाखवली. कावेरीनं पाच मिनिटांत पहिली चाचणी सोडवायला घेतली. शेवटच्या गाडीला मी स्वतः पोतं उचलून दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. "काका, बाबाचं फोल्डर उघडंना गेलंय. जागा सापडत न्हाई म्हणतंय."

"अगं, नीट दाब."

"चारदा दाबलं, काका."

मी तसाच उठून पिंगळीला गेलो. डी उघडला. "कावेरीचे धडे" जागेवर होतं. त्या फोल्डरच्या चित्रावर खाली डाव्या कोपऱ्यात तांदळाच्या दाण्याएवढा एक बाण होता. तो बाण कालही होता. मी इतकी वर्षं असे बाण बघत आलो म्हणून मला तो दिसला नाही.

बाण म्हणजे शॉर्टकट. शॉर्टकट म्हणजे सामान नव्हे, सामान कुठं आहे ते सांगणारी पाटी. मारोतरावांनी यादीतून कॉपी निवडायचं सोडून त्याखालचं शॉर्टकट निवडलं होतं. मग नावाच्या शेवटी आलेला इंग्रजी शब्द बरा दिसेना म्हणून खोडून टाकला असणार, नीटनेटका माणूस. डीतली पाटी दाबली की सीमधलं खरं फोल्डर उघडायचं. म्हणून नवा धडा आपोआप डीत दिसायचा. म्हणूनच मी काल लावलेला धडा वाजला. वाजला तो सी मधून. आणि सी मी घासून पुसून स्वच्छ केला होता, दोनदा.

"काय झालं ओ?" वहिनींनी विचारलं.

मी पुन्हा पुन्हा माऊस दाबत राहिलो. कावेरीनं विचारलं, "किती गेले?"

"सगळे गेले, बाई."

तिनं हातानं चाचपत मशीनचं बटण शोधलं आणि बंद केलं. वहिनी म्हणाल्या, "मी म्हणलं व्हतं हात लावू नका. तुमी बोटं दाखवून सांगितलं मला, काईच व्हत न्हाई. कामून सांगितलं तसं? ठावं नव्हतं तर गप बसायचं व्हतं ना बा."

मशीनला दुकानातली दुसरी डिस्क लावून, तिच्यावर सगळं परत टाकून दिलं आणि जुनी डिस्क घेऊन आलो. गेलेल्या फायली परत काढायची जी जी सॉफ्टवेअर असतात ती सगळी लावून आठ दिवस बसलो. एक सेकंद मिळाला नाही. पुण्याला अशा कामाची प्रयोगशाळा असते तिथं डिस्क पाठवली. तिकडून चार दिवसांत निरोप आला की पूर्ण पुसलेलं आहे, निघणार नाही. झटपट पुसलं असतं तर बरंच निघालं असतं, असंही त्या माणसानं फोनवर सांगितलं. भला माणूस होता, त्याला वाटलं मला पुढच्या वेळी उपयोगी पडेल.

आणि मग मी जे केलं ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. पुण्याचा निरोप मी त्यांना सांगितलाच नाही. कावेरी दर सोमवारी फोन करायची. मी म्हणायचो, "पुण्याला चालू हाय काम." दीड-दोन महिने म्हणत राहिलो. तेवढ्यात त्यांनी आपल्या परीनं शोध चालवला होता. मारोतरावांकडं बटणाचा साधा मोबाइल होता, त्यात काही नव्हतं. नातेवाइकांचे मोबाइल तपासले. पुतण्याच्या लग्नाच्या व्हिडिओत ते सापडले, पण मागं बँड वाजत होता आणि ते फक्त हात जोडून हसत होते. फोटो काय, चिक्कार निघाले.

शेवटी एका सोमवारी कावेरी म्हणाली, "काका, काम चालू न्हाई ना?" मी म्हटलं, "न्हाई." तिनं बरं म्हणून फोन ठेवला.

त्या रविवारी डिस्क परत द्यायला मी पिंगळीला गेलो. कावेरी ओसरीत बसली होती. नवी विंडोज व्यवस्थित चालली होती, बोलणारं सॉफ्टवेअर मराठीसुद्धा फाडफाड वाचत होतं. परीक्षेचं विचारलं तर म्हणाली, फॉर्म भरला नाही. "ते वाचतंय चांगलं. पर माझं ध्यानच लागंना." मी डिस्क तिच्या हातात दिली. तिनं ती दोन्ही हातांत धरून ठेवली.

भिंतीवर मारोतरावांचा मोठा फोटो होता, हार घातलेला. मला त्याच्याकडं बघवेना, तरी मान तिकडंच वळायची. कावेरीला माझी मान वळलेली कशी कळली कोण जाणे.

"फोटो बगायलाव का?"

"हो."

"तुमाला बरं हाय. आईला बी बरं हाय. फोटो हाय." मग म्हणाली, "काका, खरं सांगू का? मला बाबाचा आवाज आठवंना गेलाय. परवापर्यंत येत व्हता. आता शब्द येतेत, 'आकृती हाय बाई' येतंय, पर ते मीच म्हणल्यासारखं येतंय. तुमी तर रोज ऐकायचाव की दुकानात. कसा व्हता, सांगा ना."

मी सांगायला लागलो. इतकी वर्षं तो माणूस माझ्या बाकावर बसून बोलला होता. म्हटलं, "बसका होता थोडा. बोलताना शेवटचा शब्द ओढायचे. जरा नाकात..."

"न्हाई काका," कावेरी म्हणाली. "तसा नव्हता." मग तिनं दाराकडं तोंड वळवलं. "आई, तू सांग."

गयावहिनी चहाचे कप घेऊन दारात उभ्या होत्या. सांगायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं. तीस वर्षं त्या माणसाचा आवाज ऐकलेली बाई. त्यांनाही सांगता येईना.